कंसात काय लिहिलंय

बंदराजवळच्या त्या मालवाहतूक कचेरीत फोन लावला की पलीकडून पहिला आवाज यायचा तो आयोर्कोचा. कोण कुठल्या साहेबाला शोधतोय, कोणाचं जहाज अडकलंय, कोण नुसताच भांडायला फोन करतोय, हे तिला समोरच्याच्या पहिल्या श्वासातच कळायचं. विशीत डोळे गेले तेव्हा घरच्यांनी डोक्याला हात लावला होता. तिने मात्र टायपिंग शिकून घेतलं, मग टेलिफोन बोर्ड शिकली, आणि समुद्रकाठच्या तेशी गावाहून रोज ट्रोट्रोच्या खच्चून भरलेल्या भाड्याच्या गाडीने जाऊन अर्धं आयुष्य त्या बोर्डावर काढलं. तिच्याविषयी कोणी हळहळलं की तिचं डोकं फिरायचं. तिला एकच गोष्ट खुपायची: कागदावरचं एकेक अक्षर तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागायचं. पगाराची चिठ्ठी, भावाची पत्रं, पावडरच्या डब्यावरचं नाव, सगळंच.

ती पंचेचाळिशीला आली तेव्हा कचेरीत नवं यंत्र आलं. ते आपणच फोन जोडायचं. बोर्ड उचलून अडगळीत टाकला. साहेब माणूस वाईट नव्हता, पण साहेब तो साहेबच.

"आयोर्को, टायपिंग तुझ्यासारखं कोणाला येत नाही," तो म्हणाला. "पण टाइप केलेलं पत्र तुझं तुलाच वाचून तपासता यायला हवं. दर पत्रामागे एक माणूस तुझ्याजवळ बसवणं मला परवडायचं नाही. ते जमवलंस तर टायपिस्टची खुर्ची तुझी. शुक्रवारी सकाळी येऊन दाखव."

जमण्यासारखं होतं. केप कोस्टला एसुमान नावाचा एक गृहस्थ होता. तोही आंधळा, तोही टेलिफोन बोर्डावरचा. दोघांनी एकमेकांशी कधी हातही मिळवला नव्हता. ओळख काय ती तारेवरची. त्याच्याकडे एक कॉम्प्युटर होता आणि पडद्यावरचं सगळं तो कॉम्प्युटरच मोठ्याने वाचून दाखवायचा. तसा बोलणारा कार्यक्रम फुकट मिळत होता, फक्त तो चालवायची यातायात फार. आयोर्कोच्या भावाने तेमा बंदरावर उतरलेल्या जुन्या मालातून तिला कॉम्प्युटरची एक पेटी आणून दिली. एसुमानने त्या कार्यक्रमाच्या तबकड्या पाठवल्या आणि सोबत एक कॅसेट. कॅसेटवर तो स्वतः बोलून एकेक पायरी समजावत होता, मध्ये खोकत होता आणि बायकोला पाणी मागत होता.

कॅसेटवर त्याने सांगितलं ते असं. प्रत्येक कॉम्प्युटरच्या तळाशी एक मूळ कार्यक्रम असतो, त्याला गाभा म्हणायचं. पेटीत काय काय जोडलंय हे त्या गाभ्याला आधी सांगावं लागतं. आवाजाचं कार्ड आत खोचलेलं असलं, तरी गाभ्याला त्याची खबर नसेल तर ते असून नसल्यासारखं. म्हणून गाभा नव्याने घडवायचा. घडवण्याआधी पेटी ढीगभर प्रश्न विचारते, हे हवं का, ते हवं का, आणि त्यांची उत्तरं मिळाली की दुपारभर घरघरत बसून नवा गाभा तयार करते.

घोडं अडलं ते इथेच. प्रश्न पडद्यावर येणार. पेटी बोलायला लागल्याशिवाय आयोर्कोला ते वाचता येणार नव्हते, आणि प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय पेटी बोलणार नव्हती. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत.

"त्यात काय एवढं? मी वाचते," अफोली आंटी म्हणाली.

अफोली आंटी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण. आयोर्को लहानपणापासून तिच्याच घरी वाढली. आंटीचा केंकेचा धंदा होता. पहाटे मक्याचं पीठ शिजवायचं, गोळे कणसाच्या सालात बांधायचे, तळलेल्या मासळीसोबत नाक्यावर विकायचे. पण गल्लीत तिचा मान होता तो केंकेमुळे नव्हे. रविवारी चर्चमध्ये बायबलमधला पाठ वाचायचा मान तिचा होता, आणि ती असा काही खणखणीत वाचायची की मागच्या बाकावरचे पेंगणारेही ताठ बसायचे. घरी रोज संध्याकाळी ती आयोर्कोला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. आयोर्कोचे डोळे म्हणजे आपणच, असं ती चारचौघांत सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं.

महिना ढोलबंदीचा होता. होमोवोचा सण जवळ आला की तेशीत ढोल वाजत नाही, चर्चचे कर्णे गप्प होतात, आणि कोणी मोठ्याने गाणी लावली तर मुखियाची माणसं येऊन स्पीकर उचलून नेतात.

"तुझं हे खोकं ऐन बंदीत बोलायला लागलं तर त्यालाही उचलून नेतील बघ," आंटी म्हणाली.

"ते हळू बोलेल गं. तुझ्यासारखं नाही."

सोमवारी दुपारी केंके विकून संपल्यावर दोघी पेटीपुढे बसल्या. पेटीचं झाकण आयोर्कोने आधीच उघडून पाहिलं होतं, म्हणजे चाचपून. आवाजाच्या कार्डावर काट्यांची एक रांग होती आणि त्यातल्या दोन काट्यांवर तांदळाच्या दाण्याएवढी टोपी बसवलेली होती. टोपी कुठल्या जोडीवर आहे त्यावरून कार्डाचा नंबर कळतो, असं एसुमानने सांगितलं होतं. एकाच पेटीत बरीच अवजारं असतात. गाभ्याला हाक मारायला प्रत्येकाची घंटा वेगळ्या नंबराची. आयोर्कोने बोटाच्या टोकाने तीन तीनदा मोजलं. कार्डाची घंटा पाच नंबरची होती. तेवढी एक गोष्ट तिने कोणाच्याही मदतीशिवाय वाचली होती आणि त्याचा तिला केवढा आनंद झाला होता!

"वाच," ती म्हणाली.

"अर्धवट राहिलेली कामंही घ्यायची का, विचारतंय."

"नको म्हण."

"असं कसं? अर्धवट का होईना, कोणीतरी कष्ट केलेत की."

"आंटी!"

"बरं बाई. पुढे. गणिताची नक्कल हवी का?"

"म्हणजे काय?"

"मला काय ठाऊक? लिहिलंय तसं वाचलं. गणित कधी वाया जात नाही, असू दे."

एसुमानने कॅसेटवर बजावलं होतं की प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी एक कंस असतो. कंसात पेटीने स्वतःच धरून ठेवलेलं उत्तर असतं. ते पटलं तर नुसतं बटण दाबून पुढे जायचं, नाही पटलं तर बदलायचं. त्यामुळे आयोर्को दर प्रश्नाला विचारत होती, कंसात काय लिहिलंय? कधी आंटी कंस वाचायची, कधी म्हणायची, "इथे कंस नाही दिलेला."

"मग?"

"मग हो म्हणून टाकते. दारात आलेल्याला आपण आधी पाणी देतो आणि मग विचारतो, काय काम काढलंत. नाही नाही म्हणत कोणी दार लावून घेतं का?"

हौशी रेडिओवाल्यांची सोय हवी का, हो. खेळायची दांडी हवी का, कंसात नको होतं, तरी हो. जगाच्या पाठीवर कुठल्याशा देशातल्या जाळ्याची तार हवी का, तीही हो. आयोर्कोला हसू आवरेना. या एका गरीब पेटीच्या पोटात कोणकोणते पाहुणे राहू शकतात याचं तिला भारी कुतूहल वाटू लागलं. प्रत्येक प्रश्नामागे कुठेतरी कोणीतरी माणूस असणार, ज्याला नेमकी तीच वस्तू हवी होती.

पेटी दुपारभर घरघरली आणि शेवटी आंटीने पडद्यावरची ओळ वाचली. गाभा फार मोठा झाला, मावत नाही.

"झालं! तुझ्या पाहुणचारात घर कोसळलं," आयोर्को म्हणाली.

मंगळवारी तिने नियम कडक केला. सगळीकडे नुसतं बटण दाबायचं, हो म्हणायचं ते फक्त आवाजाच्या प्रश्नांना. आंटी फुरंगटली, पण तिने ऐकलं. आवाजाचे प्रश्न आले. कार्ड आहे का, हो. कुठल्या जातीचं, ते सांगितलं. मग घंटेचा नंबर.

"कंसात काय लिहिलंय?"

आंटी क्षणभर थांबली. "पाच," ती म्हणाली.

"नक्की?"

"मला पाच कळत नाही का? पाच."

पाचच हवा होता. आयोर्कोने बटण दाबलं. दुपार उलटली, गाभा तयार झाला, मावलाही. पेटी बंद करून पुन्हा चालू केली. बाहेर बंदीची शांतता होती, लांब समुद्र ऐकू येत होता. आयोर्को स्पीकरला कान लावून बसली. काही नाही. बोलणारा कार्यक्रम सुरू केला, काही नाही. तारा काढून पुन्हा खोचल्या, तरी काही नाही.

त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. शुक्रवार डोक्यावर आला होता. खुर्ची गेली तर केंके बांधायला बसावं लागणार, आणि त्यातही काही कमीपणा नव्हता, पण मग वाचणं कायमचं राहिलं. आंटी मात्र नेहमीसारखी वर्तमानपत्र उघडून बसली आणि संसदेत काय झालं, कोणत्या संघाने कोणाला हरवलं, ते वाचून दाखवू लागली. आयोर्कोचं लक्ष नव्हतं.

बुधवारी सकाळी ती नाक्यावरच्या फोनच्या दुकानात गेली आणि तिने एसुमानला फोन लावला. सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"घंटेचा नंबर किती टाकलास?" त्याने विचारलं.

"टाकला नाही. कंसात पाचच होता, म्हणून नुसतं बटण दाबलं."

तिकडे तो खोकला. "कंसात पाच?"

"हो."

"बाई, मी हा गाभा डझनभर तरी वेळा घडवला असेल. तिथे सात असतो. नेहमी सात. पाच कोणालाही सापडलेला नाही. पेटीला सातच आवडतो, म्हणून तर मी कॅसेटवर एवढा ओरडलोय की बदला, बदला."

"आणि काही प्रश्नांना कंसच नव्हता, त्याचं काय?"

"कंस नाही असा प्रश्नच नसतो." मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "तुला वाचून कोण दाखवतंय?"

आयोर्कोने फोन ठेवला आणि दुकानाबाहेरच्या बाकावर बसली. आधी तिला राग आला. संतापच आला. म्हातारीने माझ्या तोंडून पाच ऐकलं होतं आणि तेच ठोकून दिलं! पण का? वाचता येत नाही असं तर नव्हतं. प्रश्न तर तिने बरोबर वाचले होते. आयोर्को बोर्डावर बसणारी बाई, कानावर पडलेलं विसरत नसे. तिने सोमवारची दुपार मनात पुन्हा वाजवून ऐकली. कोणत्या प्रश्नांना आंटीने कंस वाचला होता? खेळायची दांडी, तिथे वाचला. छोटा प्रश्न. गणिताची नक्कल, तिथेही. तोही छोटा. कंस नाही म्हणाली ते सगळे लांबलचक प्रश्न. ओळ लांबली, पडद्याच्या उजव्या अंगाला गेली, की तिथला कंस आंटीपुरता नाहीसा होत होता.

 उजवी बाजू! आयोर्कोचं स्वतःचंही तसंच सुरू झालं होतं. आधी उजवीकडचा काठ गेला. तेव्हा तिला काही गेलंय असं वाटलंच नव्हतं. अंधार दिसत नाही, धूसरही दिसत नाही, जग तिथे संपतं एवढंच. ती दाराच्या चौकटीवर खांदा आपटायची आणि घरचे म्हणायचे, धांदरट आहेस. आणि आता गेलं वर्षभर घरात शितोच्या तिखट चटणीची बरणी कोण पाडत होतं? चौकटीला खांदा कोणाचा लागत होता? वर्तमानपत्रातल्या बातम्या नेमक्या सकाळच्या रेडिओवरच्याच कशा असायच्या? आणि बायबल तर आंटीला तोंडपाठ होतं. पेटीचे प्रश्न मात्र पाठ असणं शक्य नव्हतं. कित्येक महिन्यांत आंटीपुढे आलेली ती पहिली न ऐकलेली अक्षरं होती.

घरी आल्यावर तिने सरळ विचारलं. मूग गिळून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आंटी, कंसात पाच होता?"

"होता."

"तिथे सात असतो."

आंटी पीठ मळत होती, ते थांबलं. "चष्मा जुना झालाय माझा," ती म्हणाली. "बदलायचाय."

"कंस नव्हता म्हणालीस, तेही चष्म्यामुळे?"

"नव्हता तर नव्हता! मला दिसतं, आयो. सगळं दिसतं. तू मला शिकवणार काय दिसतं आणि काय नाही ते?" तिचा आवाज चर्चमध्ये चढायचा तसा चढला. "तुझ्या खोक्यासाठी दोन दुपारी विश्रांती सोडून बसले, तर माझ्यावरच उलटलीस!"

आयोर्कोला तोंडावर आलेलं बोलून टाकायचं होतं. पण तिला आठवलं की त्या वेळी ती स्वतःही असंच म्हणाली होती, सगळं दिसतं. ती खोटं बोलत नव्हती. जे दिसत नाही ते दिसत नाही, हे माणसाला कळणार तरी कुठून? तिचा राग ओसरला आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली. या घराण्यात हे डोळ्यांचं दुखणं रक्तातूनच येतं, असं तिच्या डॉक्टरने फार उशिरा सांगितलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "एकदाच बस माझ्याजवळ. मी सांगते तसं वाच."

गुरुवारी सकाळीच दोघी बसल्या. आयोर्कोने आंटीचा उजवा हात धरून तिचं बोट पडद्याच्या काचेवर ठेवलं.

"बोट ओळीवरून सरकव आणि मान बोटामागे वळव. डोळे नुसते फिरवू नकोस, मान वळव. काचेची कड हाताला लागेपर्यंत थांबायचं नाही."

"हे कुठे शिकलीस?"

"माझी नजर जात होती तेव्हा असंच वाचत होते मी. बरीच वर्षं वाचलं."

 आंटीने मान वळवली. ओळी हळूहळू वाचल्या जाऊ लागल्या. घंटेचा प्रश्न आला, बोट काचेच्या कडेकडे सरकत गेलं.

"सात," आंटी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सात लिहिलंय गं."

आयोर्कोने पाच टाकला. पेटी घरघरू लागली. आंटीने केंके तसेच टोपलीत ठेवले, नाक्यावर गेली नाही. दुपारी दोघींनी एका ताटात खाल्लं.

उन्हं कलली तेव्हा पेटी पुन्हा चालू केली. स्पीकरमधून आधी चिरका आवाज आला, मग नाक चोंदलेल्या, घाईत असलेल्या माणसाने बोलावं तसा आवाज म्हणाला की तो तयार आहे.

आयोर्को किंचाळली. आंटीने धावत जाऊन खिडकी लावली, बंदी होती ना. मग आयोर्कोने आपलं नाव टाइप केलं आणि पेटीने ते वाचलं. चुकीचं टाइप केलं, पेटीने चुकीचं वाचलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती पुसतही नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मध्ये कोणी नव्हतं.

मग तिने एक गोष्ट केली, ती करू की नको असं तिला दिवसभर वाटत होतं. तिने प्रश्नांची रांग पुन्हा सुरू केली. या वेळी पेटीनेच पेटीचे प्रश्न वाचले, ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. प्रश्न, त्याचं नाव, मग कंस, कंसातली अक्षरं, कंस पुरा. पुढचा प्रश्न. तोही तसाच. आंटी मागे उभी राहून ऐकत होती. ओळखीचा प्रश्न आला, हौशी रेडिओवाल्यांचा. आंटीने तो सोमवारी वाचला होता. पेटी तिथे थांबली नाही, पुढे वाचतच गेली.

"हे पुढचं कुठलं?" आंटीने विचारलं.

"त्याच ओळीतलं."

"त्याच?"

"त्याच."

पेटी वाचत राहिली. आंटी पुढे येऊन स्टुलावर बसली. "एवढं सगळं होतं तिथे?" ती म्हणाली. आणि आणखी एक ओळ वाचून झाल्यावर, "मग मला का नाही दिसलं, आयो?"

आयोर्कोने पेटी गप्प केली आणि तिचा हात हातात घेतला. तो हात पिठाने खरखरीत झाला होता. "उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं," ती म्हणाली.

"उद्या तुझं कचेरीत आहे."

"डॉक्टर फक्त शुक्रवारी येतो."

"मग पुढच्या शुक्रवारी जाऊ. एका आठवड्याने काय होतंय?"

"माझ्या वेळी सगळे हेच म्हणत होते," आयोर्को म्हणाली. "माझं गेलेलं परत आलं नाही. तुझं राहिलंय ते औषधाने टिकतं. उद्याच."

सकाळी तिने नाक्यावरून साहेबाला फोन केला. पेटी बोलते, पण दाखवायला सोमवारी येईन, असं सांगितलं. साहेब म्हणाला की आज आणखी एक मुलगी यायची आहे, डोळस आहे, खुर्ची राखून ठेवायचं वचन मी देत नाही. आयोर्कोने बरं म्हणून फोन ठेवला. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि ती आंटीचा दंड धरून ट्रोट्रोत चढली. कोण कोणाला धरून चाललंय हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

दवाखान्यात मोठी रांग होती. नंबर आला तेव्हा नर्सने आंटीचं नाव विचारलं, वय विचारलं, आणि मग विचारलं की कधीपासून कमी दिसतंय.

आयोर्को ऐकत होती. आंटीपाशी प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. नसलं तर ती बनवायची. आताही ती क्षणभर थांबली, घंटेच्या नंबरापाशी थांबली होती तशीच.

"मला माहीत नाही," अफोली आंटी म्हणाली. "मला कळलंच नाही, बाई."